पुंजारामचा जबाब

चितेगावच्या आमच्या कंपनीत प्रेस मशीननं पुंजारामच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. मशीनचा सेन्सर दोन महिन्यांपासून बंद होता. युनियनचे अध्यक्ष अंगदभाऊ आणि सेक्रेटरी म्हणून मी, आम्ही दोघांनी हे गेटसमोर चॅनेलवाल्यांना सांगितलं. कंपनीची बदनामी केली म्हणून आमच्यावरच चौकशी लागली.

चौकशीत कंपनीनं एकच साक्षीदार आणला, पुंजाराम. सेन्सर चालू होता, चूक माझीच, असा लेखी जबाब त्यानं दिला.

बाहेर आल्यावर तो खाली बघत म्हणाला, "काय करू अध्यक्ष, असल्या हाताला दुसरीकडं कोण काम देतंय? सायबानं गेटवर बसवतो म्हणलंय."

"बस बाबा," अंगदभाऊ एवढंच बोलले.

आठवड्यानं आम्हा दोघांना बडतर्फीची पत्रं आली. सोबत जबाबाची प्रत होती. तिच्याखाली पुंजारामची डाव्या हाताची सही, कुठंही न अडखळलेली.



अपंगत्वाच्या अर्जावर नीट जमावी म्हणून ती सही अंगदभाऊंनीच महिनाभर युनियन ऑफिसात बसवून त्याच्याकडून गिरवून घेतली होती.