डोळ्यांची आखणी

"डोळे आखायला असा काय वेळ लागतो गो? चहा निवायच्या आत एक गणपती बघायला लागतो!" असं सुनेला सुनावून द्वारकाबाईंनी रोह्याच्या दुकानदाराला मूर्ती लवकर द्यायचा शब्द देऊन टाकला. पेणच्या त्यांच्या कारखान्यात डोळे आखायचा मान त्यांचाच. सून सुरभीने रंग द्यायचा, डोळ्यांना हात लावायचा नाही.

टेम्पो यायचा दिवस उजाडला, तरी निम्म्या मूर्ती डोळ्यांवाचून बसलेल्या. रेघ वाकडी गेली की बाई ब्रशच्या नावाने खडे फोडायच्या, पुसायच्या, पुन्हा आखायच्या. रस्त्यावर हॉर्न वाजला की दचकून दाराकडे बघायच्या.

सांज झाली, टेम्पो आलाच नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला, पण तोंड थोडंच गप्प बसणार?

"बसले असतील वडखळ नाक्याच्या गर्दीत अडकून. वेळेचं भान म्हणून नाय मेल्यांना!"

सुरभी खाली मान घालून म्हणाली, "आई, त्यांना मी आज नाही, परवा यायला सांगितलंय."

"मला न विचारता? कधी सांगितलंस?"

"तुम्ही शब्द दिलात ना, त्याच संध्याकाळी."

 थरथरणारा उजवा हात बाईंनी हळूच पदराखाली घेतला.