पद्मावतीबाईंच्या झडपेतला जंतू

"जंतू सापडला," डॉक्टर इशिता म्हणाल्या, आणि ओरोसच्या इस्पितळात सुदेशने खुर्ची पुढे ओढली.

चार महिने त्याच्या आईचा, पद्मावतीबाईंचा, ताप हटत नव्हता. रोग हृदयाच्या झडपेत, पण जंतू कुठला ते कळेना. दर खेपेला रक्त काढायचं, बाटलीत जंतू वाढायची वाट बघायची, आणि बाटली कोरी ती कोरीच. शेवटी गोव्यात नेऊन झडपच बदलली. काढलेल्या झडपेचा तुकडा मुंबईला गेला.

वडील गेल्यापासून सुदेश गणपतीच्या चवथीलाही मालवणात फिरकला नव्हता. आता रजेवर रजा टाकून तो वॉर्डाबाहेर चटईवर झोपत होता, आईला पेज भरवत होता. म्हातारी एवढ्या तापातही खुशीत असायची. धीराची बाई, असं सगळे म्हणत. सुदेशला मात्र आपल्या मागच्या वर्षांची लाज वाटायची.

"मग आधी का नाही सापडला?" त्याने विचारलं.

"तोंडातला साधाच जंतू आहे. पहिल्याच बाटलीत वाढायला हवा होता. या नव्या तपासणीत मेलेला जंतूही त्याच्या डीएनएवरून ओळखता येतो, म्हणून कळलं. रक्त काढायच्या आधी त्यांना कुणीतरी अँटिबायोटिक देत होतं. गोळी घेतलीत तर जंतू दिसणार नाही, असं मी त्यांना किती बजावलं होतं!"

सुदेशला मालवणातली शेजारीण विमला आठवली. रक्त काढायच्या दिवशी ती न चुकता देवीचा अंगारा घेऊन यायची. आई चिमूटभर तोंडात टाकायची. अंगाऱ्याला कोण अडवणार? सिस्टरसुद्धा हात जोडायच्या.

तो तणतणत आईच्या खाटेपाशी आला.

"आये, औषध गावला. आता तू बरी होतलंस. पण त्या विमलाक मी सोडूचंय नाय. अंगाऱ्यात गोळी कुटून घातल्यान तिना. तुझो जीव गेलो असतो!"

पद्मावतीबाईंनी त्याचा हात धरला.

"तिका काय बोला नको रे. मियाच तिका सांगितलेलंय."

"तू? कित्याक?"

त्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"औषध गावला मां," त्यांनी हळूच विचारलं, "मगे आता तू खंयच्या गाडयेन जातलंस?"