खिडकीजवळचा माग

"साहेब, परवानगीशिवाय घर वाढवलं तर दंड किती हो?"

मैत्रिणी म्हणाल्या, विचारून दाखव! शाळेत आलेल्या, बांधकामं तपासणाऱ्या ओव्हरसियरना मी विचारलंच.

"दंडाचं सोड, पोरी. मातीच्या भिंतीला लागून मागाचा खड्डा खणला तर भिंतच पडते. परवानगी त्यासाठी असते."

घरी सांगितलं तर आप्पा हसले. "सायबानं कधी लुगडं इणलंय व्हय गं? उजेड खिडकीजवळच असतोय." आप्पांनी परवानगीशिवाय स्वतः बांधलेल्या मातीच्या खोलीत, खिडकीखालच्या खड्ड्यात पाय सोडून माझी थोरली बहीण, आक्का, विणायला बसली.

तिच्या अंगावर पडलेली भिंत आप्पांनी तेराव्यानंतर पुन्हा उभी केली, खड्डाही तिथंच खणला आणि मला हाक मारली.



"आप्पा, आई, परवानगीचा अर्ज मी लिवलाय. मंजुरी येईस्तोवर त्या मागावर मी बसायची न्हाय."