हक्कसोडपत्र

“तीन वाटा आहेत,” बँकेतल्या बाई म्हणाल्या. “हप्ता कमी करून मुदत वाढवा, एकरकमी तडजोड करा, नाहीतर राहता फ्लॅट विका.” नवऱ्याच्या आजारपणात शैलजाने काढलेलं कर्ज त्याच्या माघारी अठरा लाखांवर गेलं होतं.

काहीच न ठरवता ती साताऱ्याला भावाकडे गेली. वडील गेल्यावर जयवंतने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर तिने न वाचता सही केली होती. “कागदापुरतं गं ताई, घर तुझंच आहे,” असं तो तेव्हा म्हणाला होता.

आज त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाला, “ताई, कायद्याने आता या घराशी तुझा काही संबंध उरलेला नाही. उगाच आशा ठेवू नकोस.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. तेच तिला जास्त लागलं. ज्याला तिने बोट धरून शाळेत नेलं, तो तिच्याशी वकिलासारखा बोलत होता. ती उठली.

जयवंतची बायको अलका फाटकापर्यंत आली. “ताई, आता काय कराल?”

“मुदत वाढवून घेईन. साठीपर्यंत फेडत बसेन.”

अलका घुटमळली. “रविवारी माझा भाऊ असाच कागद घेऊन येतोय. हे म्हणतात, सही अजिबात करायची नाही, माहेरच्या घरावर तुझा हक्क आहे.”

शैलजा फाटक उघडता उघडता मागे वळली.

“खरं आहे त्याचं. करू नकोस,” ती म्हणाली. “पण जे मिळेल ते स्वतःच्याच नावावर ठेव.”