रिबेकाची माती

"तुमचाच विश्वास कमी पडला, बाई," नवा उपदेशक रिबेकाच्या ताज्या कबरीपाशी तिच्या आईला, सुगंधाला म्हणाला.

'इन्सुलिन बंद करा, प्रभू बरं करील,' असं त्यानंच सांगितलं होतं. सुगंधा हातापाया पडली, तरी नवऱ्यानं इंजेक्शनं विहिरीत टाकली. तिनं तालुक्याहून नवी आणेपर्यंत बारा वर्षांची पोर हातची गेली होती.

आताही नवरा त्याच्याच मागे उभा होता. "चल, उपवास धरू. तिसऱ्या दिवशी ती उठेल म्हणतात."

"उठेल," सुगंधा म्हणाली, "पण जगाच्या शेवटच्या दिवशी, प्रभूच्या हाकेनं. ह्या माणसाच्या नव्हे."

दोघं निघून गेले. सुगंधानं मातीत गुडघे टेकले. ज्याचं नाव घेऊन लेक हिरावली, त्याच प्रभूच्या पदरात तिनं रडत रडत लेक घातली.