झाकली मूठ

हर्षूच्या हाताला आता शीर सापडत नव्हती. नर्सनं शेवटी पायात सुई घातली, तरी पोरगं रडलं नाही. रडायलाही अंगात जोर लागतो. दीपमाला त्याचा दुसरा तळपाय मुठीत धरून बसली होती. पहिला वाढदिवस याच वॉर्डात झाला होता, आणि आता पुन्हा न्यूमोनिया.

हैदराबादेत, नारायणगुड्यात शेजारीपाजारी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांना सांगायचं, पोरगं आजोळी गेलंय. आजोळी सांगायचं, दात येताहेत. हा हुकूम सखूआत्याचा. आत्या म्हणजे दीपमालाच्या वडिलांची सख्खी बहीण आणि तिची सासू. मामाची मुलगी करायची चाल त्यांच्यात जुनीच. थोरली बहीण मंगला आत्याच्या मोठ्या मुलाला दिलेली आणि दीपमाला धाकट्या गौतमला. आत्याच्या मुलीचं, वैशालीचं लग्न आता सिकंदराबादला जमत आलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्या म्हणायची. "घरात असं पोरगं हाय म्हणलं की लोक पोरीच्या रक्तात खोट काढतेत." आत्या दुष्ट नव्हती. हर्षूसाठी तीच सगळ्यांत जास्त रडली होती, फक्त दार लावून.

नांदेडहून मंगलाचा सारखा फोन यायचा. "दूध पचतं का गं त्याला? खोकत तर नाही ना?" तिचा पहिला मुलगा विकी डेंग्यूनं गेला होता. तेव्हापासून अक्का धसकली आहे, असं दीपमालाला वाटायचं. "मजेत आहे गं," ती सांगायची, आणि एका हातानं हर्षूच्या नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करायची.

डॉक्टर चारुलता रिपोर्ट घेऊन आल्या. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादच्या, त्यामुळे मराठी बोलताना अध्येमध्ये दखनी यायचीच.

"बघा अम्मा, साधं सांगते. रक्तात एक पेशी असते. ती जंतू गिळते, त्याचे तुकडे करते, आणि एक तुकडा बाहेर आपल्या अंगावर टांगते. मदत करणारी दुसरी पेशी फिरत असते. तिला तो तुकडा दिसला की ती या पहिलीला जोर देते. मग जंतूवरचं औषध अंगातच तयार होतं. टांगायला खुंट्या लागतात, त्या कधी नि किती काढायच्या हे पेशी स्वतः ठरवते. हर्षूच्या पेशीत खुंट्या काढायचा हुकूमच सुटत नाही. जंतू आत पकडलेला असतो, पण बाहेर काहीच दिसत नाही."

"मग ती मदतीची पेशी?"

"बाजूनं निघून जाते. उसको कैसा मालूम होना?"

दीपमालाला पेशी कधी दिसल्या नव्हत्या, पण हे तिला चटकन कळलं. तिचं घर तरी दुसरं काय करत होतं!

"औषध?" गौतमनं विचारलं. रेल्वेत इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, पण पलंगाजवळ आला की हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नसे.

"नुसत्या औषधानं भागणार नाही. दुसऱ्याचा बोन मॅरो द्यावा लागेल. तुम्हा दोघांचा पुरता जुळत नाही. पण दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या ना? म्हणजे तुमच्या बहिणीची मुलगी याला जवळजवळ सख्खीच. तिचा जुळू शकतो. तिला बोलवा, जल्दी."

मागं उभ्या आत्यानं पदर तोंडाला लावला. "वैशालीचं तेवढं पार पडू द्या. महिनाभर."

"याच्याकडे महिना नाही, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

गौतम खिडकीबाहेर बघू लागला. दीपमालाला आत्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतके महिने ती सगळ्यांना गोड आवाजात खोटं सांगत आली होती. तिनं सगळ्यांसमोर फोन काढला आणि मंगलाला लावला.

तिनं सगळं सांगितलं. न्यूमोनिया, नळ्या, पेशी, खुंट्या, सगळं एका दमात. "अक्का, चिऊला घेऊन ये. तिचं रक्त तपासायचंय. तुझ्या पाया पडते."

मंगला मुलीच्या जिवाला भीत असेल, असं वाटून दीपमाला घाईघाईनं म्हणाली, "चिऊला काही होणार नाही अक्का, डॉक्टर म्हणाल्या..."

"आणते गं. आजच निघते." मंगला लगेच म्हणाली. "दीपा, आमच्या विकीला डेंग्यू नव्हता."

"म्हणजे?"

"हेच होतं. हेच खुंट्यांचं. डॉक्टरनं हात जोडून सांगितलं होतं, या घरात पुन्हा नात्यातलं लग्न करू नका." मंगला रडत रडतच म्हणाली, "पण ते ऐकून मी घरी आले, तेव्हा तुला हळद लागली होती गं."