नाटक न्हाय
डायलिसिसचा शेवटचा तास उरला होता आणि चंपाबाईंच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्या विव्हळल्या, तसा टेक्निशियन मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “ए म्हातारे, नेहमीचंच नाटक हाय तुझं. हलू नको.” चंपाबाईंनी पदर दातांत घट्ट धरला. मानकोलीच्या गोदामातून हाफ डे टाकून आलेली त्यांची लेक धम्मदिना दारातच बसली होती, ती तडक आत आली. “नाटक न्हाय ते. मशीन अंगातलं पाणी जास्त ओढतंय, जरा कमी करा.” “डॉक्टरांनी लिहिलंय तेवढं काढावंच लागतं.” “मग डॉक्टरांना बोलवा. तोवर मी इथून हलणार न्हाय. आणि माझ्या आईशी नीट बोला.” चंपाबाई मोकळ्या हातानं तिला ओढत कुजबुजल्या, “गप ना गं, परवा परत इथंच यायचंय आपल्याला.” पण ती गप्प बसली नाही. तिचा चढलेला आवाज ऐकून डॉक्टर आले. त्यांनी टणक झालेली पोटरी दाबून पाहिली, मशीनचा वेग कमी केला आणि टेक्निशियनला विचारलं, “यांना त्रास होतोय हे मला का कळवलं नाही?” तो मोबाइल खिशात टाकून खाली वाकला आणि चंपाबाईंचं पाऊल हळुवार गुडघ्याकडे दाबू लागला. “चुकलं मावशी. आता कसं वाटतंय?” पोटरी हळूहळू सैल पडली. चंपाबाईंनी मोठा श्वास सोडला, लेकीकडे एकदा पाहिलं आणि इथं येऊ लागल्यापासून दोन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं ते टेक्निशियनला सांगितलं, “बाबा, थंडी पण लय वाजते रे इथं.”